ढोलकी, ऑक्टोपॅड आणि ‘मुलगा काय करतो?’

प्रश्न : काका, मी २९ वर्षांचा, डोंबिवलीचा. तबला विशारद आहे. कॉलेजच्या एकांकिकांपासून सुरुवात केली, आता मिळेल तिथं वाजवतो. नाटकाला ढोलकी आणि साइड ऱ्हिदम (घुंगरू, मंजिरी अशी छोटी तालवाद्यं), ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), कीर्तनाला पखवाज, मालिकांच्या रेकॉर्डिंगला पडेल ते. गेल्या वर्षी एका महिन्यात पंचेचाळीस हजार आले, एका महिन्यात सहा. गुरुजी म्हणतात, विशारद होऊन डबडी बडवतोस. एका शाळेत संगीत शिक्षकाची जागा चालून आली आहे. महिना अठरा हजार, अकरा महिन्यांचा करार. त्याच वेळी एका नव्या नाटकात चौघा वादकांना रंगमंचावर बसवणार आहेत, त्यासाठी विचारणा आली आहे. दीड महिना बिनपैशाची तालीम, मग प्रयोगागणिक नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. निर्माते म्हणतात, पंचवीस प्रयोग झाले की बघू, कदाचित ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या संगीतावर जाऊ. घरी लग्नाचं बघतायत. परवा मुलीच्या मामांनी विचारलं, ‘तबला वाजवतो ते ठीक, पण काम काय करतो?’ सगळंच थोडंथोडं येतं आणि कशातच धड नाही, असं माझं झालंय का? आणि सत्तर हजारांचं नवं ऑक्टोपॅड हप्त्यावर घेऊ का?
– एक ठेकेदार, डोंबिवली

प्रिय ठेकेदार,

मामांचं नंतर बघू. तुझं चार पानी पत्र इथं आटोपशीर करून छापलंय, पण तिसऱ्या पानावर तू एक गोष्ट सहज लिहून गेलास आणि मला आधी तिथंच थांबायचंय. सध्याच्या नाटकात दुसऱ्या अंकात बाप रागानं तांब्या आपटतो आणि त्यावर तू ढोलकीची थाप देतोस. एका रविवारी त्या नटानं तांब्या आपटलाच नाही. हळूच खाली ठेवला आणि मुलीकडं बघत राहिला. तुझा हात वर गेलेला होता. तो तू तिथंच धरलास, जरा वेळ जाऊ दिलास आणि घुंगरांची नुसती एक सर सोडलीस. प्रयोगानंतर दिग्दर्शक म्हणाले, आता हेच ठेवू.

बाबा रे, याला ‘कशातच धड नाही’ म्हणत नाहीत. तुला काय येतं ते तुझं तुलाच नीट दिसलेलं नाही, म्हणून तू ते वाद्यांच्या नावांनी मोजतोयस. ढोलकी इतकी, तबला इतका, पॅड इतकं, आणि मग बेरीज कमी भरते. तुला नाटकातला प्रसंग वाजवता येतो. ढोलकी, घुंगरू, पॅड ही त्याची हत्यारं झाली. ठरल्या जागी थाप देणारे मुंबई-पुण्यात खंडीभर आहेत. उचललेला हात थांबवणारा वादक मात्र दिग्दर्शक शोधत असतात आणि सापडला की सोडत नाहीत.

मी उभं आयुष्य विंगेत आणि पिटात काढलं, म्हणून सांगतो, नाटकातल्या मात्रा मोजून येत नाहीत. शनिवारी रात्रीच्या प्रयोगाला लाफ्टर लांबतो, नट थांबतो, तूही थांबतोस. आडवारच्या प्रयोगाला त्याच वाक्यावर कुणी हसत नाही आणि तुझा क्यू अंगावर येतो. सगळे ठेके येत असूनही नजर वाद्यात असली की वादक इथं आपटतो. तुझी नजर नटाच्या खांद्यावर असते, हे तांब्याच्या गोष्टीवरून कळलं. आणखी एक विचारतो. साइड ऱ्हिदमच्या टेबलावर जाड टॉवेल अंथरतोस ना? शांत प्रसंगात मंजिरी उघड्या लाकडावर ठेवली की पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जातं. नवा वादक बसला की मी आधी त्याचं टेबल बघतो, वाजवणं मागाहून ऐकतो.

जमलं तर या हंगामात सिंधुदुर्गात जाऊन दोन-तीन रात्री दशावतार बघ. प्रेक्षकात नको बसूस, मृदंगवाल्याच्या शेजारी जागा माग. पायपेटी (पायानं भाता चालवायची पेटी), मृदंग आणि झांज एवढाच ताफा, आणि संवाद लिहिलेले नसतात. नट उभ्या उभ्या बोलत जातो. राजा किती वेळ गर्जना करणार, राक्षस कुठल्या बाजूनं येणार, युद्ध किती लांबणार, कशाचाच कागद नसतो, तरी मृदंग चुकत नाही. पुढं गोव्यात उतरलास तर एखादं तियात्र, म्हणजे तिथलं कोंकणी नाटक बघ. तिथं ट्रम्पेटसकट अख्खा बँड असतो, आणि ड्रमवाला विनोदाच्या शेवटच्या शब्दावर जो तडाखा देतो त्यानं निम्मा हशा वसूल होतो. दोन्हीकडं वाजवणारे तुझ्याच धंद्यातले आहेत आणि कोणत्याही कार्यशाळेपेक्षा तिथं जास्त मिळेल. खर्च फक्त गाडीभाड्याचा.

आता गुरुजी. त्यांना उलट उत्तर देऊ नकोस, पण त्यांची नाटकाबद्दलची अढी मनावरही घेऊ नकोस. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या मंडळीत उस्ताद अहमदजान थिरकवा वर्षानुवर्षं तबल्याला होते. पुढं रामपूरचा दरबार, लखनौचं भातखंडे संगीत महाविद्यालय, १९७० साली पद्मभूषण. एवढा मोठा तबला नाटकात बसून वाजला, वन्स मोअरवर वन्स मोअर घेत वाजला. त्यानं तबल्याचं काही कमी झालं नाही आणि पदांचं सोनं झालं. नाटक म्हणजे विद्येची उतरती पायरी हा समज संगीत नाटकाला ओहोटी लागल्यानंतरचा असावा, असं माझं मत आहे.

‘डबडी’ म्हणण्याचंही तसंच. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली आलं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. एकाच नाटकात कीर्तन, अभंग आणि लावणी. कीर्तनाचा ठेका धरलेला हात पुढच्या प्रसंगात लावणीचा झाला नाही तर तिथं नाटकच अडतं. अशा नाटकाला एकाच वाद्याचा पंडित उपयोगी पडत नाही. तू आज जे करतोयस त्याची मागणी मराठी नाटकानंच तयार केली आहे.

पण गुरुजींचा अर्धा मुद्दा खरा आहे, आणि तो तू ऐकायचा आहेस. चार पानांत रियाज हा शब्द एकदाही आला नाही. पाच वाद्यं वाजवणाऱ्याचे हात एका वाद्यावर तयार झालेले असतात आणि बाकीची चार त्यावर जगतात. तुझं ते वाद्य तबला. महिनोन्‌महिने नुसत्या भजनी ठेक्यावर आणि पॅडवर काढलेस तर आधी लग्गी (जलद बोलांची सफाई) बोथट होते, मग डग्ग्यावरची घिस (तळहात घासून काढायचा आवाज) जाते. नाटकवाल्यांना वर्षभर कळत नाही, पण एखाद्या दिवाळी पहाटेला कसलेला गायक समोर बसला की दोन आवर्तनांत उघडं पडतं. तेव्हा सकाळचा तासभर तबल्याचा, तोही मेट्रोनोमची टिकटिक कानात घालून. हल्लीच्या नाटकात अर्धं संगीत ट्रॅकवर आणि अर्धं समोर बसून असतं. त्या टिकटिकीवर, म्हणजे क्लिकवर घट्ट राहणं आणि क्लिक संपताच नटाबरोबर मोकळं होणं, हे दोन्ही लागतं. विशारदच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं, रेकॉर्डिंगला जातोस म्हणजे निम्मं येतच असेल.

धंद्याच्या दृष्टीनंही एक ओळख असलेली बरी. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात तालवाद्यांची केवढी गर्दी होती, तरी मारुतीराव कीर म्हटलं की तबला, होमी मुल्लाँ म्हटलं की साइड ऱ्हिदम, रणजित गजमेर म्हटलं की मादल हे नेपाळी तालवाद्य. फोन करणाऱ्याच्या डोक्यात तुझ्या नावापुढं एक वाद्य आलं पाहिजे. तुझ्या पत्रावरून ती ढोलकी दिसते. राहू दे ढोलकीच.

आता कामाचं, म्हणजे नव्या नाटकाचं. ते घे. पण आत्ता समोर आहे त्या अटींवर नको.

दीड महिन्याची तालीम बिनपैशाची म्हणजे त्या काळातल्या सुपाऱ्या (कार्यक्रमांची कामं) तू स्वतःच्या खिशातून निर्मात्याला देणार. तालमीची पूर्ण नाइट कुणी देणार नाही, तो हट्ट धरू नकोस. रोजचा भत्ता आणि जाण्यायेण्याचा खर्च माग, आणि तालमीचे वार आधी ठरवून घे, म्हणजे उरलेल्या दिवशी रेकॉर्डिंग घेता येईल. शुभारंभानंतर वाद्यं नाटकाच्या टेम्पोतून जातील हे बोलून घे. ढोलकी खांद्यावर, पॅडची बॅग पाठीवर आणि स्टँड हातात घेऊन डोंबिवली फास्टमध्ये चढणं आज जमतंय, चाळिशीत कंबर हिशेब मागेल. दौऱ्यावर राहण्याची सोय कुठं, प्रवासाच्या कोरड्या दिवसाचा भत्ता किती, आणि प्रयोग त्याच दिवशी दुपारनंतर रद्द झाला तर निम्मी नाइट मिळणार की नाही, हेही. या गोष्टी विचारायला लाजू नकोस. नट विचारतात, लाइटवाले विचारतात, वादकच तेवढे ‘बघू, घरचंच नाटक आहे’ म्हणून गप्प बसतात आणि मग बसच्या मागच्या सीटवर कुरकुरतात.

आणि ट्रॅक. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच, आणि तू ते शेवटी घाईत लिहिलंस. पंचवीस प्रयोगांनी ट्रॅकवर जाऊ, याचा अर्थ चौघांनी मिळून दीड महिन्यात जे बसवलं, ते एका दुपारी रेकॉर्ड करून घेणार आणि चौघांना नमस्कार. निर्मात्याची अडचणही खरी आहे. चार माणसांची नाइट, जेवण, खोल्या दर प्रयोगाला निघत नाहीत. ट्रॅक करू नका असं तू म्हणू शकत नाहीस. पण तुझं वाजवणं तुझ्या परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा तो हक्क आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का केला. कायद्याची भाषा मात्र निर्मात्यासमोर काढू नकोस. तिथं एवढंच म्हण : ट्रॅक केलात तर रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे, आणि तो ट्रॅक ज्या प्रयोगाला वाजेल त्याचं थोडं मानधन प्रयोगागणिक. दुसरी अट कदाचित मान्य होणार नाही. पहिली व्हायलाच हवी. शिवाय एक सुचवून बघ. ट्रॅकवर गेले तरी एक वादक रंगमंचावर ठेवा. वाजवायला एक माणूस समोर असला की नटाला थांबता येतं, ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. दिग्दर्शकाला हे पटतं आणि तोच निर्मात्याशी भांडतो, आपल्याला भांडावं लागत नाही. तो एक वादक कोण असेल? ढोलकी, पखवाज, पॅड आणि घुंगरू एकटा सांभाळणारा. तुझं ‘थोडंथोडं’ इथं कामाला येतं.

बोलणं तोंडीच होईल, आपल्याकडं होतं तसंच. घरी पोहोचलास की त्याच रात्री व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाक : ‘आज आपलं ठरलं ते असं’, आणि खाली चार ओळी. समोरून नुसता अंगठा आला तरी पुरे.

तालमीपासून एक वही घाल. कुठल्या वाक्यावर क्यू, कुठलं वाद्य, कुठल्या पट्टीत लावलेलं, किती वेळ, कुठं हात राखायचा, सगळं पेन्सिलीनं. पट्टी लिहिताना हवेचंही लिही. पावसाळ्यात बाहेरून आणलेल्या ढोलकीचं चामडं ओलाव्यानं सैल असतं. दारं उघडताना एसी लागतो, हवा कोरडी होते आणि काळी दोनच्या पट्टीत लावून ठेवलेली ढोलकी पहिल्या अंकातच चढते. नाट्यगृहागणिक हे वेगळं, म्हणून लिहून ठेवायचं. वहीचा दुसरा उपयोग बदलीचा. तुला ताप आला किंवा मोठी सुपारी आली तर वही बघून दुसरा बसू शकतो. आपल्याकडं पुष्कळ वादक बदली तयार करत नाहीत, जागा जाईल या भीतीनं. माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्यामुळं प्रयोग अडत नाही त्यालाच पुढच्या नाटकाला बोलावतात, कारण निर्मात्याला रात्री झोप लागते.

शाळेचं थोडक्यात. सहा दिवसांची नोकरी घेऊ नकोस. नाटकं शनिवार-रविवारची, म्हणून दोन्ही जमेल असं वरवर वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत शाळेचं गॅदरिंग तुझ्या गळ्यात पडेल आणि तेच तुझे कमाईचे दिवस. शिवाय अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोकरीची बंधनं आहेत, पण नोकरीची शाश्वती नाही. मुख्याध्यापिकाबाईंना भेट आणि तासिका तत्त्वावर आठवड्यात तीन सकाळ देतो म्हण. नाही म्हणाल्या तर घरीच तबल्याचा वर्ग काढ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन वेळा होतात, पालकांना प्रारंभिक-प्रवेशिकेचं प्रमाणपत्र हवं असतं, आणि डोंबिवलीत मुलांना तबला शिकवायची हौस काय वर्णावी!

पैशाकडं बघताना महिना सोडून वर्ष धर. तुझ्या कामाला पंचांग आहे. आषाढीला अभंगवाणी, गणपतीत ऑर्केस्ट्रा, मध्ये पितृपक्षाचा शुकशुकाट, मग नवरात्र, दिवाळी पहाट, लगोलग राज्य नाट्य स्पर्धेची हौशी मंडळी, गॅदरिंगं, मेच्या सुट्टीत बालनाट्यं. सहा हजारांचा तुझा महिना पितृपक्षाचा होता असं तूच लिहिलंयस. मग तो अचानक कसा आला? दर वर्षी येणार. पंचेचाळीस हजार आले त्या महिन्यात पंधरा बाजूला पडायला हवेत, ते कुठं गेले ते पत्रात नाही. पीपीएफचं खातं आपल्यासारख्यांना सोयीचं. मुदत १५ वर्षं, वर्षाला कमीत कमी ५०० रुपये भरले तरी चालू राहतं, बरं वर्ष असेल तर दीड लाखापर्यंत भरता येतं. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार महिना ५,००० रुपये मानधन देतं. कृतज्ञतेनं घ्यावं, पण त्याच्या भरवशावर म्हातारपण ठेवू नये.

प्राप्तिकराचं विवरणपत्र दर वर्षी भरतोस का? नसशील तर यंदापासून भर. काही निर्माते आणि चॅनेलवाले दहा टक्के टीडीएस कापतात, आणि विवरणपत्र न भरल्यामुळं आपल्यातल्या कित्येकांचे ते पैसे सरकारजमा होऊन पडून राहतात. उत्पन्न करपात्र नसेल तर ते परत मिळतात. गृहकर्जाला बँकही आधी विवरणपत्रंच मागते.

मामांनाही तीच दाखव. ते तुझ्या कलेचा अपमान करायला आलेले नाहीत, भाचीच्या घरात दर महिन्याला काय येणार एवढं त्यांना कळायला हवंय. ‘मी कलावंत आहे’ हे उत्तर देऊ नकोस. वर्षाचा आकडा सांग, पुढच्या चार महिन्यांच्या तारखा सांग, मेडिक्लेम आहे ते सांग (नसेल तर मामांच्या आधी ते). आणि त्या मुलीला एकदा प्रयोगाला बोलाव. पास काढून पुढच्या रांगेत बसवू नकोस, प्रयोग संपल्यावर सामान आवरून टेम्पोत चढवेपर्यंत थांबायला सांग. रात्री साडेबाराला नवरा असा दिसतो, हे तिनं आधीच बघितलेलं बरं.

एक तू विचारलं नाहीस ते. कान. ऑर्केस्ट्रात तू ड्रमवाल्याच्या शेजारी, मॉनिटरसमोर बसतोस. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि ड्रमसेटजवळ १०० सहज होतात. रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते असं कधी झालं असेल तर तो इशारा समज. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते पट्टी न बिघडवता आवाज खाली आणतात. तुझी सगळी कमाई ऐकण्यावर आहे, तांब्या ठेवल्याचा आवाज ऐकण्यावर.

आणि ऑक्टोपॅड. नको. आत्ताचा चालतोय, फक्त दोन पॅड डबल वाजतात, असं तूच लिहिलंयस. हप्ता दर महिन्याला येतो, सुपाऱ्या येत नाहीत. त्या दोन पॅडची सेन्सिटिव्हिटी थोडी उतरव, थ्रेशोल्ड थोडा चढव, आणि पॅडचा स्टँड डगमगत नाही ना ते बघ, कारण पुष्कळदा शेजारच्या पॅडची धडकच दुसऱ्याला वाजवते. तरीही डबल वाजले तर रबराखालचा सेन्सर बदलून घे. ते काम सत्तर हजारांचं नाही.

तुझा,
काका